पेशंटला एकटं सोडायचं न्हाई

पोरी, जरा जवळ ये. अशी लांबून ऐकू नको. फोनवर मी बोलत असते आणि तू तिकडं पुण्याहून नुसतं ‘हं, हं’ करत असतीस. मागं कुकरची शिट्टी होते, कुणी दार वाजवतं, आणि मी गोष्टीच्या मध्यावर आले की तू विचारतीस, “मावशी, मग दादा आता बरा हाय ना?” बरा हाय ना म्हणजे काय गं? ते काय पडसं हाय, वाफ घेतली की जायला? अर्धं ऐकून उत्तर मागायची तुझी ही खोड चांगली न्हाई. म्हणून लिहायला घेतलं. शाळा माझी चौथीपर्यंतची, पुढचं पेपरच्या पुरवण्या वाचून वाचून शिकले. काना-मात्रा चुकला तर हसू नको, पण मध्येच उठूही नको.

तुझा दादा, माझा धाकटा, जिममध्ये शिकवायला होता हे तुला ठाऊक हाय. पण ती जागा तू डोळ्यानं बघितली न्हाईस. गंगाखेडात स्टेशनच्या रस्त्याला एक खत-बियाण्याचं दुकान हाय, त्याच्यावरचा मजला. जिना चढायला लागलं की खालून खताचा उग्र वास आणि वरून लोखंडाचा, रबराचा, घामाचा. मला चढवत न्हाई, तरी मी चढायचे, कारण डबा मीच न्यायचे. वर गेलं की भिंतभर आरसे. पोरं त्यात बघून वजनं उचलायची आणि हा त्यांच्यामागं उभा राहून ओरडायचा, “अजून एक! अजून एक! भरतीत कोण अर्धं पळू देणार हाय का?” ज्यांचे मायबाप ऊस तोडायला लांब गेलेत, अशी पोरं होती त्यात. ती ह्याला बापासारखं मानायची. सर म्हणायची. माझ्या लेकाला सर म्हणतात, हे ऐकायलाच मी जिना चढायचे असं म्हण.

डब्यात अंडी असायची. आता मी माळकरीण. गळ्यात तुळशीची माळ आणि हातात अंड्याचा डबा! अंगणात वेगळी चूल, वेगळं पातेलं, वेगळा पळा केला होता मी. शेजारीण भिंतीवरून टोमणा मारायची, “काय वैनी, आज पांडुरंगाला काय निवद?” मी म्हणायचे, “पांडुरंगाला साखर, माझ्या पांडुरंगाला हे.” हसायचो आमी. आता त्या पातेल्यात कोथिंबीर लावलीय सुनबाईनं.

त्याचा खुराक म्हणजे घरात एक सोवळंच होतं बघ. भात मोजून, तूप न्हाई, साखर न्हाई, सणाला पुरणपोळी न्हाई. चुलतबहिणीच्या लग्नात सगळे पंगतीला बसले आणि हा कोपऱ्यात आपला डबा उघडून उकडलेली कोंबडी खायला लागला. जावईबापू म्हणाले, “नवरदेवाकडं रुखवत आलंय, आन मेव्हण्याकडं घरचा डबा.” मांडव हसला. तोही हसला. पण हळदीच्या गडबडीत त्याचा एक व्यायाम बुडला होता, तर घरी आल्यावर तो सुतक पाळल्यासारखा बसला. जेवला न्हाई. कपाटाच्या आरशापुढं सदरा वर करून करून बघायचा आणि म्हणायचा, “उतरलो का गं आई?” एका दिवसात कोण उतरतं? आमच्यात एकादशी चुकवत न्हाईत, तसं हा पायाच्या व्यायामाचा दिवस चुकवायचा न्हाई, आणि आमाला त्याचं कौतुक वाटायचं. लोकांची पोरं पुड्या खातात, बाटल्या पितात. माझं पोरगं अंडी खातं. कुणाला कशाची शंका येणार?

मग त्याला डेंग्यू झाला.

पेशी उतरत गेल्या. परभणीच्या दवाखान्यात नेलं, सलाइनवर ठेवलं. जीव वाचला, देवाची कृपा. पण घरी आला तो असा, की त्याचाच टी-शर्ट त्याच्या अंगावर दोरीवर वाळत घातल्यासारखा दिसायला लागला. डॉक्टर म्हणाले, भरून येईल, घाई करू नका. ते खरंच होतं. आजारानं गेलेलं अंग परत येतं, मी काय बघितलं न्हाई का? पण ते यायच्या आधी माणसं आली.

आपल्याकडची रीत तुला माहीत हाय. आजाऱ्याला भेटायला गेलं न्हाई तर तो मेल्यावरसुद्धा लोक ते उकरून काढतात. भावकी आली, गल्ली आली, जिमची पोरं घोळक्यानं आली. बिस्किटाचे पुडे, शहाळी, मोसंबी. आणि येणाऱ्याच्या तोंडी पहिलं वाक्य एकच. “अरे, काय हे, लय वाळलास की रे!” हे मायेनंच म्हणायचं असतं. न म्हटलं तर आजारी माणसाला वाटतं, ह्यांना माझ्या दुखण्याचं काहीच न्हाई. माझ्या बाळंतपणात कुणी ‘वाळलीस’ म्हटलं न्हाई तर मला राग आला असता. पण ह्याच्या बाबतीत ते वाक्य म्हणजे रोज उठून कुणी घाव घालावा तसं झालं. एक पोरगं तर रडवेलं झालं, “सर, तुमचे दंड कुठं गेले ओ?” हा हसला. सगळे गेल्यावर त्यानं आतल्या खोलीचा आरसा काढून भिंतीकडं तोंड करून ठेवला.

तिथून त्यानं जाकीट चढवलं. काळं, लांब बाह्यांचं, गळ्यापर्यंत चेन ओढलेलं. आपल्याकडचा उन्हाळा तू विसरली नसशील. दुपारी पत्रा असा तापतो की कावळासुद्धा बसत न्हाई. त्यात हा घरातल्या घरात जाकीट घालून बसायला लागला. घामानं मान भिजायची. मी म्हणायचे, “अरे काढ की, कोण बघायलंय?” तो म्हणायचा, “सगळेच बघायलेत.”

जिमच्या मालकानं माणूस चांगला म्हणून वाट बघितली. पण पोरं किती दिवस बिनसराची ठेवणार? दुसरा सर आणला. बाहेरच्या फलकावर ह्याचा फोटो होता, तिथं त्याचा लागला. हे ह्याला सांगायचं न्हाई असं घरात ठरलं, आणि भेटायला आलेल्या एका आत्यानं बसल्या बसल्या सांगून टाकलं, “तुझ्या जागी कोण तो नवा पोरगा? तुझ्यापेक्षा दणकट दिसतोय बाई!”

त्यानंतर तो भेटायला आलेल्यांपुढं येईना. सुनबाई सांगायची, झोपलेत. लोक म्हणायचे, झोपू दे, आमी बसतो. आणि बसायचे. आमचं घर तू बघितलंयस. दोन खोल्या, मध्ये छताला न टेकलेली अर्धी भिंत, त्याच्या खोलीला अंगणाकडून वेगळं दार. इकडं चहा, तिकडं तो. त्याच्याविषयी हळू आवाजात बोललेलं सगळं त्याला ऐकू जायचं.

एका दुपारी सुनबाई विहिरीच्या कट्ट्यावर माझ्याजवळ येऊन बसली. पोरगी शहाणी, कॉलेज शिकलेली, उगाच घाबरणारी न्हाई. म्हणाली, “आई, हे म्हणायलेत, मी नसलो तर कुणाचं काय अडतंय. नवा सर आलाच की.”

हातातली भाजी तशीच राहिली. असं वाक्य आपल्या पोराच्या तोंडून निघालेलं असतं, आणि विहिरीचं पाणी समोरच असतं, पोरी. त्या दिवसापासून मला त्या कट्ट्यावर बसवत न्हाई.

सुनबाईनं तिच्या मैत्रिणीला विचारून परभणीच्या एका मॅडम शोधल्या. औषध देणाऱ्या न्हाईत, बोलणं ऐकणाऱ्या. समुपदेशक म्हणतात. भावजींना, म्हणजे माझ्या धाकट्या दिरांना, ते पटेना. माझे मालक गेल्यापासून घरात तेच थोरले. तरुणपणी जत्रेजत्रेत कुस्त्या मारलेले, अजून कान मोडके हायत. ते म्हणाले, “बोलायला परभणीला कशाला जायला पायजे? इथं काय मुके राहतात का? तालमीत चल म्हणावं, शंभर बैठका मारल्या की मन गप जाग्यावर येतंय.”

सुनबाई पदर सावरून म्हणाली, “काका, बैठका मारूनच मन जाग्यावर राहिलं असतं, तर ह्यांच्याइतक्या कुणी मारल्यात?”

भावजींनी टोपी डोक्यावर चढवली. मग म्हणाले, “गाडी सांगतो.”

आणि नवल म्हणजे तुझा दादा तयार झाला. मी आतून ऐकलं. बायकोला म्हणाला, “जातो. एकदा कुणापुढं तरी बोलून बघतो.” त्या दिवशी मी देवापुढं दिवा लावला न्हाई, भीती वाटली, म्हटलं, उगा नजर लागायची.

आता ऐक काय झालं ते. त्याला घेऊन किती जण जावं? तू म्हणशील, एक. नवरा-बायको. तुमच्याकडं तसंच असेल. पण आपल्यात पेशंटला एकटं सोडत न्हाईत. दवाखान्यात पेशंटमागं माणसं किती उभी राहतात त्यावर त्या घराचं माणूसपण मोजतात. दादाला दवाखान्यात ठेवलं होतं तेव्हा व्हरांड्यात आमी सतरंज्या टाकून राहिलो होतो, आणि शेजारच्या खाटेवरचा एकटा म्हातारा आमच्याकडं बघत राहायचा. त्यामुळं जीप भरून गेलो. मी, भावजी, जावईबापू, माझी लेक, सुनबाई आणि तो. भाकऱ्या, ठेचा, पाण्याचा जार. तो खिडकीला, जाकीट गळ्यापर्यंत.

मॅडमची खोली लहान, समोर दोनच खुर्च्या. आमी सगळे आत शिरलो. मॅडम बिचाऱ्या उभ्या राहिल्या. वय फार न्हाई, तुझ्याएवढ्याच. म्हणाल्या, “मी आधी यांच्याशी एकट्याशी बोलेन, चालेल?”

भावजी म्हणाले, “मॅडम, बिनधास्त बोला. आमी काय परके न्हाईत. ह्याचं आमच्यापासून काय झाकलेलं न्हाई.”

मॅडमनं त्याच्याकडं बघून विचारलं, “कसं वाटतंय सध्या?”

जावईबापू म्हणाले, “कमजोरी लय हाय.”

“झोप येते का?”

माझी लेक म्हणाली, “लहानपणापासून झोप कमीच हो ह्याची.”

“जेवण?”

मी म्हटलं, “पाखरासारखं.”

मॅडम ज्याला विचारायलेत तो गप, आणि बाकी घर बोलायलंय. लगीनघरात नवरीला काही विचारलं की आत्या-मावश्या उत्तर देतात, तसं. भावजींनी तर त्याच्या पाठीवर थाप मारली, “हा असा पठ्ठ्या होता मॅडम, मांडी बघून माणसं वाट सोडायची. दाखव रे जुना फोटो मोबाइलमधला.” त्याची मान आणखी खाली गेली. मॅडमच्या चेहऱ्यावर ते दिसलं. त्यांनी हात जोडले आणि म्हणाल्या, “तुमची माया कळली मला. आता मला थोडा वेळ यांचा द्या. बाहेर बसा.”

बाहेर आलो. दार लोटलं. बाकावर सगळे एका ओळीत बसलो, दाराकडं तोंड करून. आतून आधी मॅडमचा आवाज, मग काहीच न्हाई. मग त्याचा. तुझ्या दादाचा आवाज, पोरी! कितीतरी दिवसांनी तो कुणाशी तरी सलग बोलायला लागला होता. शब्द कळत नव्हते, नुसती लय कळत होती; थांबत, अडखळत, पुन्हा सुरू. सुनबाईनं माझा हात धरला. तिचे डोळे भरून आले होते.

तेवढ्यात भावजी समोरच्या रसवंतीवरून आले. हातात उसाच्या रसाचा ग्लास. “उन्हाचं बोलून बोलून घसा सुकला असंल पोराचा,” म्हणाले, आणि आमी ‘अहो, अहो’ म्हणेपर्यंत दार ढकललं.

तो रडत होता. जाकिटाची चेन उघडी होती, अर्ध्यापर्यंत. चुलत्याला दारात बघताच त्यानं ती वर ओढली. त्या चेनीचा आवाज मला बाकावर ऐकू आला. उठला, मॅडमना नमस्कार केला आणि म्हणाला, “चला काका. झालं.”

भावजी ग्लास धरून तसेच उभे. मॅडम मागोमाग बाहेर आल्या, म्हणाल्या, “पुढच्या वेळी नक्की या. चांगली सुरुवात झाली होती.” झाली होती. मला त्यांचा तो ‘होती’ अजून टोचतो.

वाटेत कुणी भाकरी सोडली न्हाई.

परत तो गेला न्हाई. आठवडा गेला, महिना गेला, पाऊस लागून उघडला. सुनबाई मॅडमशी बोलत असते. त्यांनी तिला एक ताकीद दिलीय, की असं बोलणाऱ्या माणसाला घरात एकटं ठेवायचं न्हाई, घरातल्यांनी नजर ठेवायची, आणि तसं काही वाटलं तर वाट न बघता मोठ्या दवाखान्यात आणायचं. विहिरीवर आमी जाळी बसवून घेतली. गल्लीला सांगितलं, मांजर पडलं होतं. तिची नजर सारखी त्याच्यावर, आणि त्याला त्या नजरेचाच जाच.

त्याच्या हाताखालची एक पोरगी पोलीस भरतीत लागली. पेढे घेऊन आली, वर्दीत. बंद दारापुढं उभी राहून म्हणाली, “सर, तुमच्यामुळं झालं. एकदा बघा तरी माझ्याकडं.” आतून काही न्हाई. तिनं दारालाच कडक सलाम ठोकला आणि पेढ्याचा पुडा उंबऱ्यावर ठेवून गेली. तो पुडा आमी कुणी उघडला न्हाई. मुंग्या लागल्यावर सुनबाईनं उचलला.

भावजी परभणीच्या त्या दिवसानंतर निम्मे झालेत. रोज येतात, अंगणात बसतात, चहा नको म्हणतात. एकदा ते त्या दाराला पाठ लावून खाली बसले आणि बोलायला लागले. मी तुळशीजवळ होते. म्हणाले, “पैलवान, तुला एक सांगू का? जिंतूरकडच्या एका जत्रेत मला एका कोवळ्या पोरानं चीत केलं होतं. शेवटची कुस्ती माझी. सगळ्यांना सांगितलं, पाय घसरला. घसरला नव्हता. अंगच संपलं होतं. घरी येऊन मी गोठ्यात राहायला गेलो. वरीसभर गोठ्यातच झोपलो. तुझ्या बापाला वाटलं, म्हशीची काळजी लागलीय. म्हशी कुठं विचारतात, दंड किती उतरला? त्यांच्यामुळं निभावलं बघ.” मग म्हणाले, “मला कुणी विचारलं असतं, तर मीबी बोललो असतो. तुला विचारणारी मिळाली होती आन मी रस घेऊन आलो.”

मला वाटलं, आता दार उघडेल. एवढं ऐकून दगडालाही काही वाटेल. दार उघडलं न्हाई. भावजी बराच वेळ बसले, मग गुडघ्यावर हात ठेवून उठले आणि गेले. त्या म्हाताऱ्याचं मोकळं झालं, माझ्या लेकराचं न्हाई.

खरं सांगते, मला आता आशा धरायची भीती वाटते. सकाळी त्याच्या खोलीतून खोकल्याचा आवाज आला की माझा दिवस सुरू होतो. लोक म्हणतात, देवाचं कर. करते. लोक म्हणतात, परत जिमला घाला, अंग आलं की मन येईल. अंग तर आलंय गं! जेवतो थोडं थोडं, गालावर मांस आलंय. पण त्याला ते दिसत न्हाई. स्वतःला बघतो तो अजून सलाइनवरचाच. आरसा खोटा बोलायला लागल्यावर आईच्या बोलण्यावर कोण विश्वास ठेवतं?

परवा मी ताट सरकवलं तेव्हा तो आपणहून बोलला. म्हणाला, “आई, त्या मॅडम फोनवर बोलतात म्हणं.”

मी म्हटलं, “बोलतात की. लावू का?”

“घरात कुणी नसलं तर बोलीन.”

एवढंच. आणि मी ताटाजवळ बसून राहिले. आमच्या घरात कुणी नसलं तर! पोरी, ह्या घरात कुणी न्हाई अशी घटका मी नवरी होऊन आले तेव्हापासून बघितली न्हाई. उठून सगळ्यांनी बाहेर जावं, तर मॅडमची ताकीद, एकटं सोडू नका. घरात बसावं, तर अर्ध्या भिंतीपलीकडं श्वासही ऐकू येतो. आमी अंगणात जाऊन बसावं, तर फाटक वाजतं. भेटायला येणं अजून थांबलेलं न्हाई. लोकांना काळजी हाय ना. अंगणात बसलेल्या सासू-सुनेला बघून तर गल्ली धावत येते, काय झालं म्हणून. सुनबाईला कुणाला ‘आत येऊ नका’ म्हणता येत न्हाई, ती सून. मला म्हणता येत न्हाई, ह्यांच्याच खांद्यावर मालकांना नेलं. भावजींना तर आता कुठल्याच दाराजवळ उभं राहवत न्हाई.

तुला येतं. तू पुण्याची. तू फाटकात खुर्ची टाकून बसलीस आणि येणाऱ्याला बाहेरच म्हणालीस, ‘आज न्हाई, पुन्हा या,’ तर लोक म्हणतील, शहराची हाय, तिला रीत कळत न्हाई. म्हणू देत. तुझ्यावर राग धरून ते दुसऱ्या दिवशी विसरतील. मी आणि सुनबाई अंगणात लिंबाखाली बसू. त्यानं हाक मारली तर ऐकू येईल एवढ्या जवळ, आणि त्याचं बोलणं ऐकू येणार न्हाई एवढ्या लांब. फोन झाला तर झाला. न्हाई झाला तरी फाटक एक दुपार बंद राहील.

परभणीला उतर, तिथून गंगाखेडची गाडी मिळते. येताना मोसंबी-बिस्किटं काही आणू नको. पण ये. दिवाळीची वाट बघू नको, ह्याच आठवड्यात ये.